सिम्युलेटरमधलं ए-३२० टेकऑफच्या वेळी सेंटरलाइनवर कसं ठेवायचं

जेट विमान स्वतःच्या मनाने एका बाजूला पळत नाही. सेसना १७२ पळतं, कारण पुढच्या पंख्याचा पीळ आणि त्याच्यामागून गरगरत येणारी, शेपटीवर आदळणारी हवा नाक डावीकडे ओढते. तिथे उजव्या पेडलवरचा पाय सतत लागतो; पेडल शेपटीवरचा उभा रडर फिरवतं आणि नाक वळतं. एअरबस ए-३२० किंवा बोइंग ७३७ मध्ये यातलं काहीच नाही. दोन्ही इंजिनं सारखी, मधल्या रेषेपासून सारख्याच अंतरावर. वारा शांत असेल, दोन्ही इंजिनांचा जोर सारखा असेल आणि पुढचं चाक सरळ असेल, तर पाय न लावताही विमानाने बऱ्यापैकी सरळ धावायला हवं.

तरीही सिम्युलेटरवर नव्याने जेट उडवणाऱ्यांची पहिली तक्रार हीच असते: पॉवर दिली की विमान गवतात जातं. बहुतेकांना वाटतं, चूक शंभर नॉट्सला (नॉट म्हणजे ताशी एक सागरी मैल) झाली, कारण नागमोडी धाव तेव्हाच डोळ्यांना दिसते. माझं मत वेगळं आहे. विमान सरळ जाणार की नाही, हे पहिल्या ४० नॉट्समध्ये आणि त्याआधी सेटिंग्जच्या पानावर ठरतं. पुढच्या वेगात पायांना जे करावं लागतं ते अगदी थोडं असतं. म्हणून या लेखात तयारीवरच जास्त जागा खर्च केली आहे. उदाहरणासाठी विमान ए-३२० आणि विमानतळ मुंबई घेतलं आहे.

आधी दोषी कोण ते शोधा

हवामान ‘क्लिअर स्काइज’वर ठेवा आणि वारा शून्य करा. मुंबईच्या रनवे २७ च्या सुरुवातीला विमान उभं करा. इंजिनं चालू, फ्लॅप्स टेकऑफचे, रडर ट्रिम शून्य. ए-३२० मध्ये ट्रिमचा आकडा मधल्या पेडेस्टलच्या मागच्या भागात दिसतो. शंका असेल तर शेजारचं रिसेट बटण दाबा. आता रडरला हात किंवा पाय न लावता दोन्ही थ्रॉटल सावकाश, एकत्र पुढे घ्या.

विमान सरळ गेलं तर तुमचं हार्डवेअर ठीक आहे. अडचण वाऱ्याची किंवा पायांची आहे, खालचा एक विभाग सोडून पुढे जा. वाकडं गेलं, तर तोच प्रयोग कीबोर्डवरून करा. थ्रॉटलची वायर काढून ठेवा आणि मायक्रोसॉफ्ट फ्लाइट सिम्युलेटरमध्ये एफ-३ ने जोर वाढवा. आता सरळ गेलं, तर गुन्हेगार तुमचा थ्रॉटल. अजूनही वाकडंच जात असेल, तर रडर किंवा ब्रेक.

हा प्रयोग करायला फारसा वेळ लागत नाही, पण तो न करता लोक महिनोन्‌महिने रडरशी झुंजत बसतात.

रडर, ब्रेक, थ्रॉटल

रडर तपासायची सर्वांत चांगली जागा विमानातच आहे. इंजिनं चालू असताना जमिनीवर पेडल किंवा जॉयस्टिकचा पीळ हलवला, की ए-३२० च्या खालच्या स्क्रीनवर फ्लाइट कंट्रोलचं पान आपोआप येतं. त्यात तळाशी रडरची खूण दिसते. सगळं सोडून द्या आणि खूण बघा. ती बरोबर मध्ये थांबायला हवी. थोडी डावीकडे बसत असेल किंवा थरथरत असेल, तर आतला पोटेन्शिओमीटर (हालचाल मोजणारा भाग) झिजलाय किंवा त्यात धूळ आहे. पीळ देऊन चालणाऱ्या जॉयस्टिकमध्ये हा आजार फार.

त्यावर उपाय डेड झोन, म्हणजे मध्याजवळची जेवढी हालचाल सिम मोजत नाही तो पट्टा. पिळाच्या काठीला ३ ते ५ टक्के, स्वतंत्र पेडल्सना त्याहून कमी. काही जण वैतागून १५ टक्के ठेवतात. मग होतं असं, की पाय थोडा दाबला तरी काही घडत नाही, आणखी दाबला की एकदम घडतं. यातूनच नागमोडी सुरू होते. त्यापेक्षा सेन्सिटिव्हिटीचा आलेख मधल्या भागात सपाट करा. मायक्रोसॉफ्टच्या सिममध्ये उणे ३० ते उणे ४० च्या आसपास ठेवला तर पिळाच्या काठीवरही बारीक काम करता येतं. आलेखाची टोकं तशीच राहतात, म्हणजे गरज पडली तर पूर्ण रडर मिळतो.

मग सगळ्या जोडलेल्या उपकरणांची यादी उघडा. रडर एकाच ठिकाणी जोडलेला आहे ना? सिम प्रत्येक नव्या उपकरणाला स्वतःहून जोडण्या देऊन टाकतं. पेडल्स घेतली तरी काठीचा पीळ रडरलाच जोडलेला राहतो. कुठेतरी पडलेला एक्सबॉक्सचा कंट्रोलर यूएसबीत खुपसलेला असतो आणि त्याचे ट्रिगरही रडरच चालवत असतात. दोन उपकरणं एकाच अ‍ॅक्सिसवर भांडली की विमान झटके खातं. एक ठेवा, बाकीच्या जोडण्या पुसून टाका. ‘असिस्टन्स’च्या पानावरचा ऑटो-रडरही बंद करा. नाहीतर तुमचा पाय किती आणि सिमचा किती, हे कधीच कळणार नाही.

पेडल्सना बोटांचे ब्रेक असतील तर ते उलटे जोडलेले नाहीत ना, हेही बघा. कित्येक पेडल्समध्ये अ‍ॅक्सिस उलटा करावा लागतो. तसं केलं नाही, तर पाय न लावता ब्रेक लागलेले असतात आणि पाय लावला की सुटतात. एका बाजूचा ब्रेक जरासा घासत असेल तर विमान नेमकं त्याच बाजूला ओढतं, आणि वेड्यासारखा रडर तपासत बसायची वेळ येते. टाचा जमिनीवर आणि चवडे पेडलच्या खालच्या भागावर ठेवायची सवय लावून घ्या. पाय वर सरकले की टेकऑफमध्ये नकळत ब्रेक लागतो.

थ्रॉटलला दोन लिव्हर असतील तर कॅलिब्रेशन दोघांचं वेगवेगळं करा. फ्लायबायवायरच्या मोफत ए-३२० मध्ये यासाठी टॅबलेटवर वेगळं पान आहे. क्लाइंब (चढतानाचा जोर), फ्लेक्स (टेकऑफचा कमी केलेला जोर) आणि टोगा (टेकऑफचा पूर्ण जोर) या तिन्ही खाचा दोन्ही लिव्हरना एकाच जागी लागायला हव्यात. डावा फ्लेक्सच्या खाचेत आणि उजवा त्याच्या किंचित आधी, असं असेल तर दोन इंजिनांच्या जोरात फरक पडतो आणि नाक कमी जोराच्या बाजूला वळतं. हा फरक सारखा टिकून राहतो, म्हणून पायही सारखा लावून ठेवावा लागतो. एकच लिव्हर दोन्ही इंजिनांना जोडणं हा नवशिक्यांसाठी उत्तम उपाय आहे. त्यात कमीपणा काही नाही.

शेवटची गोष्ट टिलरची. खऱ्या ए-३२० मध्ये पुढचं चाक दोन मार्गांनी वळतं. हाताशी असलेल्या छोट्या चाकाने, म्हणजे टिलरने, ते ७५ अंशांपर्यंत वळतं. हा अधिकार २० नॉट्सनंतर कमी होत ८० नॉट्सला संपतो. पेडल्सनी ते फक्त ६ अंश वळतं. तो अधिकार ४० नॉट्सपासून घटतो आणि १३० नॉट्सला शून्य होतो. तोवर शेपटीवरच्या रडरवर पुरेशी हवा आलेली असते. बहुतेक सिममध्ये घरच्या काठीचा एकच अ‍ॅक्सिस ही दोन्ही कामं करतो. त्यामुळे २०-३० नॉट्सला दिलेला पीळ चाकाला अपेक्षेपेक्षा कितीतरी जास्त फिरवतो. तुमच्याकडे मोकळा अ‍ॅक्सिस असेल तर टिलर रडरपासून वेगळा करण्याचा पर्याय चालू करा. तो कुठे सापडेल ते विमानागणिक बदलतं, पण चांगल्या अ‍ॅड-ऑन विमानांत असतो.

रनवेवर उभं राहताना

वळून सेंटरलाइनवर आलात की लगेच थांबू नका. नाक रनवेच्या दिशेला आलं तरी पुढचं चाक अजून वळलेलं असतं. दहा-पंधरा मीटर सरळ पुढे सरका, मग थांबा. वाकड्या चाकावर पॉवर दिली तर पहिला झटका तिथूनच मिळतो. रनवेची लांबी वाया जाईल ही भीती मुंबईत नको. २७ ची लांबी ३४४८ मीटर आहे.

कॅप्टनची खुर्ची विमानाच्या मध्यरेषेच्या डावीकडे असते, साधारण अर्धा मीटर. म्हणून सेंटरलाइन तुमच्या नाकासमोर नव्हे, किंचित उजवीकडे दिसायला हवी. अर्ध्या मीटरने काही बिघडत नाही. बिघडतं ते कॅमेरा तिरका असल्याने. माउसने पॅनेलकडे बघितलं, परत आलात, पण नजर दोन अंश डावीकडे राहिली. मग डोळ्यांना सरळ वाटणारी दिशा विमानाची नसते. टेकऑफच्या आधी व्ह्यू रिसेटचं बटण दाबायचंच. डोक्याच्या हालचाली टिपणारं उपकरण वापरत असाल तर तेही इथे पुन्हा मध्यावर आणा.

प्रायमरी डिस्प्लेवरचं हेडिंग रनवेच्या दिशेशी जुळतंय का, बघून घ्या. हाच आकडा पुढे संदर्भ म्हणून कामी येतो.

पॉवर दोन टप्प्यांत

आता खरा महत्त्वाचा भाग. आयडलला, म्हणजे लिव्हर मागे असताना, जेट इंजिनाचा एन-वन (पुढच्या पंख्याचा फिरण्याचा वेग, टक्क्यांत) साधारण २० टक्क्यांच्या आसपास असतो, आणि तिथून ते सुस्तपणे उठतं. दोन इंजिनं कधीच अगदी बरोबरीने उठत नाहीत. लिव्हर थेट टोगाला ठोकले तर काही क्षण एक ७० टक्क्यांवर आणि दुसरं ५० वर, अशी अवस्था येऊ शकते. त्या वेळी विमान जेमतेम १५-२० नॉट्सला असतं, रडरवर हवा नसते, आणि नाक हळू असलेल्या इंजिनाकडे फिरतं.

म्हणून सीएफएम कंपनीच्या इंजिनांच्या ए-३२० मध्ये वैमानिक आधी ५० टक्के एन-वन लावतो आणि दोन्ही आकडे तिथे स्थिरावू देतो. ७३७ मध्ये हाच थांबा साधारण ४० टक्क्यांवर असतो. दोन्ही इंजिनं बरोबर आली, की मगच लिव्हर फ्लेक्स किंवा टोगाच्या खाचेत. घरी करताना डोळे दोन्ही एन-वनच्या काट्यांवर ठेवा. काटे समांतर दिसेपर्यंत पुढे जायचं नाही. हा थांबा एवढा छोटा आहे की बाहेरून बघणाऱ्याला जाणवतही नाही, पण अर्ध्याहून अधिक लोकांची तक्रार इथेच मिटते, असं माझं ठाम मत आहे.

पॉवरबरोबर साइडस्टिक (ए-३२० ची बाजूची काठी) पुढे. वारा साधा असेल तर अर्धी पुढे दाबून ठेवायची, ८० नॉट्सपासून हळूहळू सोडत १०० नॉट्सला मध्यावर. यामुळे पुढचं चाक जमिनीला घट्ट धरून राहतं. पावसाळ्यात ओल्या रनवेवर याचा फायदा स्पष्ट कळतो.

पिळाची काठी वापरणाऱ्यांनी इथे एका गोष्टीवर नजर ठेवावी. काठी पुढे ढकलताना मनगट नकळत थोडं पिळलं जातं, उजव्या हाताने बहुधा डावीकडे. म्हणजे रडर दिला नाही असं वाटत असतं आणि तो दिलेला असतो. कोपर टेबलावर टेकवा, काठी मुठीत न आवळता बोटांनी धरा. जमिनीवर असताना डिस्प्लेवर साइडस्टिकची छोटी पांढरी खूण दिसते. ती सरळ खाली-वर जातेय की तिरकी, हे बघूनही हाताची सवय पकडता येते.

४० नॉट्सनंतरचे पाय

रडर साधारण ४० ते ६० नॉट्सच्या दरम्यान जिवंत होतो. इथून पुढे तीन सवयी पुरतात.

नजर लांब. सायकल शिकवताना पुढच्या चाकाकडे बघू नकोस म्हणतात, तसंच आहे. नाकाखालच्या पट्ट्यांकडे बघत राहिलात तर विमान बाजूला सरकलेलं कळतं, पण नाक वळू लागलेलं कळत नाही. रनवेच्या पार टोकाला नजर लावली की नाकाचं वळणं लगेच दिसतं, सरकण्याच्या आधी.

दुसरी, आधी दिशा थांबवा, जागा नंतर दुरुस्त करा. विमान सेंटरलाइनच्या दोन मीटर डावीकडे आहे आणि नाक अजून डावीकडे फिरतंय, तर पहिला पाय फिरणं थांबवण्यासाठी. नाक रनवेला समांतर झालं की थोडा दम घ्या. मग अंशभर उजवीकडे, आणि रेषेपर्यंत पोहोचायच्या आधीच पुन्हा सरळ. रेषेवर आल्यावर पाय सोडलात, तर रेषा ओलांडून पलीकडे जाल. दोन मीटर बाजूला, पण समांतर धावणारं विमान चांगलं टेकऑफ करतं. ४५ मीटर रुंद रनवेवर तेवढी मुभा असते.

तिसरी, दाबून ठेवू नका. थोडा दाब, थोडी सूट, पुन्हा दाब. परिणाम दिसायला क्षणभर लागतो. सिममध्ये तो क्षण आणखी लांबतो, कारण फ्रेम कमी पडल्या की दृश्य मागे राहतं. मुंबईसारख्या जड सीनरीवर फ्रेमरेट २० च्या खाली आला, तर तुम्ही जे बघताय ते घडून गेलेलं असतं आणि पाय कायम उशिरा पडतो. अशा वेळी ढग आणि ट्रॅफिकच्या सेटिंग्ज कमी करणं हाही रडरचाच उपाय आहे.

कीबोर्डवाल्यांसाठी: नंबरपॅडवरचं शून्य डावीकडे, एंटर उजवीकडे. टिचकी मारायची, दाबून धरायचं नाही.

ब्रेकने दिशा सुधारायचा मोह टाळा. त्याने विमान झटक्यात वळतं आणि धावही लांबते.

बाजूचा वारा

वारा ज्या बाजूने येतो, नाक त्या बाजूला वळतं, कारण शेपटीचा उभा पंख मोठा आहे आणि वारा त्याला ढकलतो. पाय उलट बाजूचा. एवढं पाठ असलं की काम झालं.

किती वारा आडवा आहे, याचा तोंडी हिशोब असा: रनवेशी ३० अंशांचा कोन असेल तर निम्मा, ४५ ला सुमारे ७० टक्के, ६० ला जवळजवळ ८७ टक्के. पावसाळ्यात मुंबईत २४० अंशांवरून १६ नॉट्स वारा आहे असं धरा. २७ वर कोन ३० चा, म्हणजे ८ नॉट्स डावीकडून. सुरुवातीला उजवा पाय हलकासा लागेल. तोच वारा रनवे ३२ वर जवळजवळ पूर्ण आडवा पडतो. एकाच हवामानात रनवे बदलून सराव करायला मुंबई म्हणूनच सोयीची आहे. १४-३२ ची लांबी २८७१ मीटर, तीही पुरेशी.

वेग वाढत जातो तसा लागणारा पाय कमी होत जातो. वाऱ्याचा आडवा भाग तेवढाच राहतो, पण समोरून येणारी हवा वाढल्याने त्याचा कोन कमी होतो आणि रडरचा जोरही वाढतो. नवशिके हे विसरतात. ५० नॉट्सला लावलेला पाय १२० ला तसाच ठेवला, की विमान उलट बाजूला निघतं.

आडवा वारा २० नॉट्सच्या वर असेल किंवा मागून वारा असेल तर ए-३२० ची पद्धत बदलते. साइडस्टिक पूर्ण पुढे, ५० टक्क्यांवर स्थिर करून लगेच ७० टक्के, आणि तिथून हळूहळू वाढवत ४० नॉट्स ग्राउंडस्पीडपर्यंत पूर्ण टेकऑफचा जोर. कारण इंजिनाच्या तोंडाशी तिरकी हवा शिरते आणि पंख्याला ती मानवत नाही.

पंख उचलला जाऊ नये म्हणून वाऱ्याकडे काठी द्यायची सवय छोट्या विमानांतून येते. ए-३२० मध्ये ती आवरा. काठी बाजूला जास्त गेली की त्या पंखावरचे स्पॉइलर उघडतात, तिथे ओढ वाढते आणि नाक वाऱ्याकडे आणखी वळतं. म्हणजे तुम्हीच स्वतःच्या पायाविरुद्ध काम करता.

जोराच्या झुळकांचा वारा किती वाईट असू शकतो, याचं उदाहरण अमेरिकेतलं आहे. २० डिसेंबर २००८ रोजी डेन्व्हरच्या रनवे ३४-आर वरून निघालेलं कॉन्टिनेन्टल एअरलाइन्सचं ७३७-५००, उड्डाण १४०४, डावीकडून आलेल्या जबरदस्त झुळकांमध्ये डाव्या बाजूला रनवेबाहेर गेलं. ११५ जण वाचले, विमान गेलं. एनटीएसबीच्या (अमेरिकेतली अपघात तपासणारी संस्था) अहवालानुसार कॅप्टनने बाहेर जाण्याच्या सुमारे ४ सेकंद आधी उजवा रडर देणं थांबवलं होतं. अहवालात आणखी एक मुद्दा आहे, जो आपल्यासारख्यांनी नीट वाचावा: प्रशिक्षणाच्या सिम्युलेटरमध्ये झुळकांचं चित्रण पुरेसं खरं नव्हतं, आणि त्यामुळे आडव्या वाऱ्याचं प्रशिक्षण कमी पडलं. व्यावसायिक सिमची ही गत, तर घरच्या सिममध्ये जमिनीवरचा वारा कधी फार बोथट, कधी अवास्तव जोरदार वाटतो यात नवल नाही. एका विमानात अंगवळणी पडलेला पाय दुसऱ्या अ‍ॅड-ऑनमध्ये जसाच्या तसा चालेल, असं धरू नका.

नाक उचलताना

रोटेशनला पुढचं चाक जमीन सोडतं, चाकाचा आधार जातो, आणि लावलेल्या पायाचा परिणाम किंचित बदलतो. इथे झटका नको. साधारण सेकंदाला ३ अंशांनी नाक वर घ्या, पाय आहे तसा ठेवा, चाकं सुटली की तो सावकाश काढा. विमान आपोआप वाऱ्याकडे थोडं तोंड करून सरळ रेषेत चढेल. ते तिरकं दिसतं म्हणून पायाने सरळ करायला जाऊ नका.

सराव कसा करायचा

सुरुवातीला उडूच नका. वारा शून्य ठेवून ६० नॉट्सपर्यंत जा, लिव्हर आयडलला आणा, सरळ थांबा. ७२ नॉट्सच्या खाली टेकऑफ रद्द केलं तर ए-३२० चा ऑटोब्रेक लागत नाही, म्हणून दोन्ही पायांनी सारखा ब्रेक द्यावा लागतो. तोही सराव होतो. सलग करत राहिलात तर व्हील्सच्या पानावर ब्रेकचं तापमान बघा. ३०० अंशांच्या वर असताना पुढचा टेकऑफ करायचा नाही. मध्ये थांबा, चहा घ्या.

हे जमलं की १०० नॉट्सपर्यंत. मग ५ नॉट्स आडवा वारा, मग १०, मग झुळका. एक्स-प्लेनमध्ये रिप्ले आहे. बाहेरच्या कॅमेऱ्यातून मागून बघितलं तर रडर किती उशिरा फिरला, ते लख्ख दिसतं.

इंजिन बंद पडण्याचा सराव सगळ्यात शेवटी. त्यासाठी एक आकडा लक्षात असू द्या: व्हीएमसीजी. एक इंजिन गेल्यावर, पुढच्या चाकाची मदत न घेता, फक्त रडरने विमान ३० फुटांहून जास्त न सरकता आवरता येईल असा तो किमान वेग. त्याच्या खाली इंजिन गेलं तर कितीही रडर दिला तरी जोर चालू ठेवून सरळ जाता येत नाही. म्हणून कमी वेगात नाक जोरात फिरलं, की आधी दोन्ही लिव्हर मागे, पाय त्याच वेळी. व्ही-वनच्या (टेकऑफ रद्द करता येण्याचा शेवटचा वेग) पुढे इंजिन गेलं तर चालू इंजिनाच्या बाजूचा पाय, आणि तोही नाक जेवढं फिरलं तेवढाच. सिममधल्या फेल्युअरच्या पानावर ठरावीक वेगाला इंजिन बंद करण्याची सोय असेल, तर पहिल्यांदा १३५ नॉट्स लावा. ५० नॉट्सचा प्रयोग नंतर करा, तो जास्त अवघड आहे.